सात पोशाख, एक डिस्क

भर ऑगस्टात, दुपारी दीड वाजता, अल्जीरियातल्या त्लेमसेनमध्ये जो माणूस दुकान उघडं ठेवतो तो एक तर वेडा असतो किंवा घरच्यांना टाळत असतो. गौती दुसऱ्या प्रकारातला होता, पण हे वसीलाला नंतर कळलं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं की सबंध गल्लीत एकच शटर अर्धं वर आहे आणि आत पंखा घरघरतोय. ती वाकून आत शिरली आणि सरळ उभी राहायला गेली, तर डोकं रॅकवर असं आपटलं की वीस-पंचवीस डिस्कच्या डब्या खळाखळा खाली आल्या.

"या," काउंटरमागून आवाज आला. "लोक बहुधा आधी सलाम करतात."

"सलाम..." वसीला कपाळ चोळत म्हणाली. "भाऊ, कोरी डिस्क आहे ना तुमच्याकडे? आणि ती लिहायचं यंत्र?"

"दोन्ही आहे, ताई."

"आणि तुम्हाला... न बघता काम करता येतं?"

गौतीने हातातली बोटभर पकड खाली ठेवली. तिशीचा असेल, केस विस्कटलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि वसीलाला उगाचच आपल्या कपाळावर टेंगूळ आलंय याची लाज वाटली.

"सहसा विचारतात, बघून तरी काम करता येतं का," तो म्हणाला. "बोला, काय भानगड आहे?"

तेवढ्यात शटरखालून आधी छत्री आली, मग पाण्याची बाटली, मग कण्हत कुंथत खैरा आत्या आली. ती दोन डब्यांवर पाय देऊन आली, एका स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भानगड म्हणजे, पोरा, आमच्या पोरीची अब्रू साडेतीन तासांत एका चकतीवर मावायला हवी."

आत्या असंच बोलायची, पण खोटं नव्हतं ते.

वसीला लग्नांचं चित्रीकरण करायची. बायकांच्या दालनातलं, जिथे पुरुषाची सावली पडत नाही. डोक्यावरचे रुमाल बाजूला टाकून, दंड उघडे टाकून बायका तिथे मनसोक्त नाचायच्या, कारण कॅमेऱ्यामागे वसीला आहे आणि दिवा धरायला खैरा आत्या, एवढी त्यांची खात्री असायची. सहा वर्षांत शंभरावर लग्नं झाली, एक तक्रार नाही. शेजारच्या गावातल्या एका कॅमेरावालीने मागच्या वर्षी एका लग्नाच्या दोन डिस्क करून दिल्या. दुसरी शेजारणीकडे गेली, शेजारणीच्या दिराने ती लावून पाहिली. त्या बाईला आता कुणी बारशालासुद्धा बोलवत नाही.

म्हणून बद्राबाईंनी आपल्या लेकीच्या, सिहामच्या लग्नाआधीच बजावलं होतं. डिस्क एकच. दुसरी नाही, तुकडे नाहीत. ती सिहामच्या हातात द्यायची आणि सिहाम ती घेऊन नवऱ्याबरोबर समुद्रापार स्पेनला जाणार. तिथे ना आई, ना मावश्या, ना मैत्रिणी. जे काही माहेर बरोबर न्यायचं ते त्या चकतीवर. गाडी घरून पाच वाजता निघणार होती. आणि वसीलाचं डिस्कचं काम नेहमी करणारी मैत्रीण गेल्या आठवड्यात बाळंत झाली होती. हे सगळं आत्याने वसीलाच्या नावासकट एका दमात गौतीला सांगून टाकलं.

"घरी दोनदा करून पाहिलं," वसीला पिशवीतून हार्डडिस्क काढत म्हणाली. "जागा नाही म्हणतं. साडेसहा गीगा झालंय."

"आणि डिस्कवर?"

"चार पूर्णांक सात लिहिलंय."

"लिहितात चार पूर्णांक सात. मावतं चार पूर्णांक सदतीस."

"मग बरंच की," आत्या म्हणाली. "सदतीस जास्त झाले."

गौतीने आत्याकडे आदराने पाहिलं. "मावशी, तुमच्यासारखे हिशेब करणारे असते तर मी एव्हाना तीन दुकानं टाकली असती." मग वसीलाकडे वळून, "दुप्पट जागेची डिस्क मिळते. जावयाचं यंत्र नवं आहे?"

"जुनं आहे. साधीच डिस्क वाचतं, बद्राबाईंनी मुद्दाम विचारून ठेवलंय."

"मग थोडं कापा."

"कुणाला?"

"कुणालाही."

"भाऊ, लग्न झालंय का तुमचं?"

"नाही. का?"

"म्हणून असं बोलताय. सिहामने सात पोशाख बदलले. प्रत्येक पोशाखाबरोबर घरातल्या वेगवेगळ्या बायका नाचल्या. यातली एक काकू जरी गाळली, तरी ती काकू पुढची तीस वर्षं माझ्या नावाने खडे फोडेल. आणि काकूचं सोडा..." तिने हार्डडिस्क काउंटरवर ठेवली. "त्या पोरीला तिथे रडू येईल ना, तेव्हा तिला नेमकी तीच काकू हवी असेल."

गौती उठला, संगणकाचा पडदा गल्ल्याच्या बाजूने फिरवून वसीलाच्या दिशेने केला, आपलं स्टूल उचललं आणि शटरकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसला.

"बसा तिथे. आज तुम्ही माझे डोळे. काय दिसतं ते फक्त अक्षरांचं सांगा, माणसांचं नको."

अर्ध्या शटरखालून त्याला गल्लीतले फक्त पाय दिसत असणार, असं वसीलाच्या मनात आलं. तिला मात्र त्याची मान दिसत होती. मानेवर घामाने एक केस चिकटला होता. तिने मुकाट्याने नजर पडद्याकडे वळवली.

"उजव्या हाताला यादी आली असेल. वरून तिसरं."

"तिसरं... हं. दाबलं. आता पुष्कळ आकडे आले."

"चित्राची ओळ सोडा. आवाजाची वाचा."

तिने वाचली. पाठमोऱ्या गौतीने हळूच शीळ घातली.

"काय झालं?"

"ताई, तुमच्या बायका जाड नाहीत, त्यांचा आवाज जाड आहे. आवाज आहे तसा कच्चा ठेवलाय तुम्ही. दोन गीगाच्या आसपास नुसता गोंगाट! तो आवळला की कुणाला कळणारही नाही, आणि दीडएक गीगा मोकळे. एकही काकू न गाळता."

वसीला त्याच्या पाठीकडे बघतच राहिली. तीन रात्री ती कुणाला गाळू या विचाराने झोपली नव्हती. तिला एकदम इतकं बरं वाटलं की रडू फुटेल की काय असं झालं.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"माझ्याकडे आलाच नाहीत तुम्ही. सहा वर्षं कुठे होतात?"

प्रश्न सरळ होता, पण शेवटचे शब्द त्याने जरा हळू उच्चारले... आणि वसीलाने 'भाऊ' म्हणून उत्तर द्यायचं होतं ते नुसतंच 'कामात होते' असं दिलं.

आवाज आवळून व्हायला वीस मिनिटं लागली. तो झाल्यावर गौती मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "आता हा सगळा आवाज कुणीतरी सुरुवातीपासून ऐकून तपासायला हवा. नीट आलाय की नाही. जबाबदारीचं काम आहे. मावशी, तुम्ही...?"

"मी ऐकते," आत्या लगेच म्हणाली. जबाबदारी म्हटलं की तिला राहवायचं नाही. गौतीने न वळताच, हात मागे करून, भलेमोठे हेडफोन पुढे केले. आत्याने ते रुमालावरून चढवले, डोळे मिटले, आणि दोन मिनिटांत ती स्टुलावर बसल्या बसल्या खांदे हलवू लागली.

"काय ढोल वाजतोय!" ती दुकान दणाणून जाईल अशा आवाजात म्हणाली. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज कुठे कळतो.

वसीलाने ओठ चावला. "हे गरजेचं होतं?"

"आवाजासाठी? नाही." त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की तो हसतोय. "डावीकडे खाली मोठं बटण आहे, ते दाबा. आता यंत्र दोन फेऱ्या मारेल. पहिल्या फेरीत ते फक्त बघतं... कुठे हालचाल आहे, कुठे सगळे शांत बसलेत. जिथे शांत आहेत तिथली जागा काढून घेतं आणि जिथे नाचतायत तिथे देतं. दुसऱ्या फेरीत दाबतं."

"शांत कुणीच बसलेलं नाही."

"केक खाताना तरी बसल्या असतील."

"खाताना तर जास्तच हलतात. एकमेकींच्या ताटात बघायला नको?"

तो मोठ्याने हसला. यंत्र घरघरत होतं, पंखा घरघरत होता, आणि बाहेर गल्लीत कुणीतरी चपला फरपटत गेलं. "बेकरीवाला सिद-अली," गौती म्हणाला, "उजवा अंगठा बाहेर आलाय चपलेतून. मी सगळ्यांना पायांवरून ओळखतो."

"मग माझेही पाहिलेत?"

"पाहिले. आत यायच्या आधी दोनदा पुढे जाऊन परत आलात. मला वाटलं, येतात की नाही... म्हटलं, यावं."

वसीलाला वाटलं, यावर काहीतरी टोमणा मारावा. टोमणे तिला भरपूर यायचे. पण हे तिला हसण्यावारी न्यायचं नव्हतं. तिने पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, मग जरा थांबून ती त्याच्या खांद्याजवळ पुढे केली. त्याने न वळता घेतली. बोटं लागली नाहीत, पण लागता लागता राहिली हे दोघांनाही कळलं.

मग गप्पा लागल्या. तो दुपारी घरी का जात नाही ते त्याने सांगितलं. "आई जेवण वाढते आणि प्रत्येक पोळीबरोबर एका मुलीचं नाव वाढते. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती अकरा लग्नांना जाऊन आली, फक्त मुली बघायला."

"अकरा? कुणाकुणाची?"

त्याने नावं सांगितली. वसीला बोटांवर मोजत गेली.

"सगळ्या ठिकाणी मी होते," ती म्हणाली.

"मग आईने तुम्हाला पाहिलं कसं नाही?"

"मी कॅमेऱ्यामागे होते."

हे ती हसत म्हणाली खरी. सत्तावीस वर्षांची होती ती. गावातल्या सगळ्या आया सुना हेरायच्या त्या याच दालनांत... कोण कशी चालते, कशी हसते, मोठ्यांना आधी ताट देते की नाही. आणि या सगळ्या मुली त्यांना नीट दिसाव्यात म्हणून दिवा लावून देणारी वसीला. तिच्याकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही, आणि तिने आजवर त्याचं दुःखही केलं नव्हतं. आज मात्र, एका पाठमोऱ्या माणसाला सांगताना, तिला ते फार लागलं.

गौतीने बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "चूक आईची आहे. मी सांगेन तिला."

साडेतीनला दुसरी फेरी संपली. वसीलाने आकडा वाचला.

"चार पूर्णांक एक्केचाळीस."

"अरे देवा... चार शतांश. जेमतेम दीड मिनिटाचं चित्र."

"अजून दाबता नाही येणार?"

"येईल, पण परत सगळ्या फेऱ्या. दीड तास. आणि मग जरीचं काम चौकोन चौकोन दिसायला लागेल."

दीड तास नव्हताच. वसीलाने एकदा आत्याकडे पाहिलं. आत्या पाचव्या पोशाखापर्यंत पोचली होती. मग ती सावकाश म्हणाली, "दीड मिनिट आहे माझ्याकडे. शेवटी. ते कापू या."

"काकू नाही ना?"

"नाही. कुणाची कुणी नाही ती. तिच्यावाचून कुणाचं अडणार नाही."

"कोण आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? बटण सांगा."

"वसीला." नाव त्याने आत्याच्या तोंडून ऐकलं असणार. पहिल्यांदाच घेतलं, ताई न लावता. "कोण आहे?"

"मी," ती म्हणाली. "सगळं संपल्यावर सिहामने माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि मला ओढलं मध्ये. दीड मिनिट नाचले. नीट येतही नाही मला..."

"ते कापायचं नाही."

"अहो, पण वेळ—"

"कापायचं नाही म्हटलं ना." आवाज चढला नव्हता, पण हट्ट होता त्यात. "शंभर लग्नांत एकदा आलात तुम्ही पुढे. मी ते कधी पाहणार नाही, मला कळतं. पण तिकडे दूर बसून कुणीतरी ते पाहतंय, एवढं तरी मला माहीत असू दे. ते कापून दिलंत तर मी डिस्क करणार नाही."

वसीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आई गेल्यापासून तिच्यासाठी असा हट्ट कुणी धरला नव्हता.

"मग काय कापायचं?" तिने डोळे पुसत विचारलं.

"विचार करू द्या... सुरुवातीला काय आहे? डिस्क घातली की?"

"पान आहे एक. गुलाब उडतात, गाणं वाजतं, आणि खाली माझं नाव नि फोन नंबर. मी स्वतः केलंय. सगळ्यांना आवडतं ते."

"गुलाब किती वेळ उडतात?"

"दोन मिनिटं."

दोघंही एकदमच हसत सुटली.

"पण नाव आणि नंबर?" वसीला म्हणाली. "तीच माझी जाहिरात. त्यावरूनच पुढची कामं येतात."

"आतून काढा, बाहेर लिहू. पेनाने, डिस्कवर. मी लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे."

गुलाब गेले. आकडा चार पूर्णांक पस्तीसवर आला. तिने तीनदा वाचून दाखवला, तरी त्याने चौथ्यांदा वाचायला लावला. डिस्क आत सरकली आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला. लिहून व्हायला अठरा मिनिटं लागणार होती. मध्येच आत्याने हेडफोन काढले, डोळे पुसले आणि म्हणाली, "आवाज उत्तम आहे. सिहामची आजी गाताना तर... जाऊ दे."

सव्वाचारला डिस्क बाहेर आली. वसीलाने ती लावून पाहिली. सातही पोशाख होते, काकू होती, काकूची ताटात वळलेली नजर होती. शेवटचं दीड मिनिटही होतं. ते तिने पाहिलं नाही, फक्त आहे याची खात्री केली. हार्डडिस्क काढून घेतली, गौतीच्या यंत्रावर राहिलेलं सगळं त्याच्या सांगण्याने एकेक करून पुसलं, आणि पडदा बंद केला.

"वळा आता," ती म्हणाली.

तो वळला. तीन तास नुसता आवाज ऐकलेल्या माणसाकडे असं एकदम बघणं सोपं नसतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेनाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"टेंगूळ उतरलंय," तो म्हणाला.

"नंबर लिहा."

ती एकेक आकडा सांगत गेली, तो डिस्कवर कडेने लिहीत गेला. अक्षर खरंच चांगलं होतं.

"सावकाश सांग गं," आत्या दाराशी छत्री शोधत म्हणाली. "त्याला पाठ व्हायला हवा."

गौतीचे कान लाल झाले, पण त्याने पेन खाली ठेवलं नाही. "मावशी, पाठ झालाय," तो म्हणाला. मग वसीलाकडे बघून, अगदी साधेपणाने, "मला तुमचा आवाज उद्याही ऐकायचा आहे. आणि परवाही. हे मी असं सांगायला नको होतं... रीत माहीत आहे मला. रीतीने सांगायला आईला पाठवीन. पण आधी तुम्हाला कळावं असं वाटलं."

वसीलाने त्याच्या हातून डिस्क घेतली. डिस्क छातीशी धरून ती शटरखाली वाकली, आणि वाकता वाकता तिने मान मात्र वर-खाली हलवली. होकार होता की रॅक चुकवला, हे गौतीला दहा दिवस कळलं नाही.

सिहामची गाडी पाच वाजता निघाली. डिस्क तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये होती, आणि बद्राबाई लेक सुखरूप परत यावी म्हणून गाडीमागे पाणी शिंपडून उंबऱ्यातच बसून राहिल्या. वसीला त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात धरून. कुणीही न गाळता सगळ्या बायका पोरीबरोबर गेल्या, एवढं ती त्यांना सांगू शकली.

त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी एका सुताराच्या मुलीचं लग्न होतं. दालन खचाखच भरलेलं, नवरी तिसऱ्या पोशाखात. वसीला तिपाईवर कॅमेरा लावून उभी होती. तेवढ्यात एक ठेंगणी, गोरीपान बाई खुर्ची ओढत ओढत आली, ती थेट कॅमेऱ्याशेजारी. तिने खुर्ची ठेवली ती नवरीकडे पाठ करून.

"खाला, नवरी तिकडे आहे," वसीला म्हणाली.

"असू दे तिकडे. तिकडे बघून माझे दोन उन्हाळे गेले." बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि वसीलाच्या तोंडाकडे निवांत बघायला सुरुवात केली. "मी गौतीची आई. तू तुझं काम कर, मी माझं करते."

वसीलाने नजर पुन्हा कॅमेऱ्यात घातली. पण नवरी चौकटीबाहेर निघून गेली तरी तिच्या लक्षात आलं नाही. मागे दिवा धरून उभ्या असलेल्या खैरा आत्याने दिवा हळूच नवरीवरून काढला आणि थेट आपल्या भाचीच्या चेहऱ्यावर धरला.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. घाई केली नाही, प्रश्न विचारले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "अकरा वेळा तू माझ्यापासून दहा पावलांवर होतीस. आणि मी घरी जाऊन मुलाला सांगायचे, या गावात मुलगीच नाही." त्यांनी खुर्ची आणखी पुढे सरकवली. "माफ कर हं, पोरी. उद्या येऊ का तुमच्या घरी?"

"उद्या लग्न आहे एक, मी शब्द दिलाय," वसीला म्हणाली. डोळे भरून आले होते, तिने ते पुसलेही नाहीत. "शनिवारी या. सकाळपासून मी घरीच आहे."